त्रेचाळीस नंबरचा दगड

“दगडच हलवून टाकू या!” स्वप्नील म्हणाला आणि त्याने बाह्या सरसावल्या. बनियनला बाह्या नव्हत्या, पण बेत मोठा असला की तो नसलेल्या बाह्याही सरसावत असे.

“सरकारी दगड आहे,” त्याची धाकटी बहीण देविका म्हणाली. “जेलमध्ये टाकतील. तिथे मॅगी मिळत नाही.”

“तुला काय माहीत?”

“तू जा ना. आणि येऊन सांग मला.”

 गणिताच्या बाई तिच्या वहीकडे बघतात तशी त्यांची मैत्रीण अक्षदा उकिडवी बसून दगडाकडे बघत होती.

दगड गुडघाभर उंच. अंगावर ‘४३’ कोरलेलं. हा रेल्वेची हद्द दाखवणारा दगड. परळच्या तांडेल चाळीतली माणसं त्याच्यावर बसून वर्षानुवर्षं पेपर वाचत आली होती, दर दिवाळीला त्याला पांढरा ऑइलपेंट फासत आली होती. आणि याच दगडाने अक्षदाच्या जिवलग मैत्रिणीला, जुईला, चाळीतून घालवलं होतं!

झालं होतं असं. चाळीमागून रूळ जातात. पणजोबांच्या वेळी म्हणे दोनच लाइनी होत्या, मग चार झाल्या. दर वेळी मुंबई लांब लांब गेली आणि रूळ जवळ जवळ आले. आता आणखी दोन लाइनी टाकायच्या होत्या. मोजणीचं कंत्राट घेतलेल्या कुठल्याशा कंपनीचे हितेंद्रसाहेब आले. त्यांनी ४२ नंबरच्या दगडापासून ४३ पर्यंत दोरी ताणली, ४३ पासून ४४ पर्यंत ताणली, आणि दोरी चाळीच्या टोकाच्या खोलीवरून गेली. ती जुईची खोली. भिंतीवर लाल फुली पडली. दिवाळीनंतर जुईचं बिऱ्हाड वडाळ्याच्या तात्पुरत्या ट्रान्झिट इमारतीत गेलं, नवव्या मजल्यावर. येत्या सोमवारी खोली पाडायची होती.

वडाळा तसं दूर नाही. पण जिने रेल्वेसाठी घर सोडलं, तिच्याकडे जायला परळहून सरळ गाडीच नाही! आधी कुर्ल्याला जायचं, गाडी बदलायची आणि पुन्हा मागे यायचं. आई एकटीला सोडत नव्हती. मग उरला आईचा फोन. सुरुवातीला दोघी तासभर बोलायच्या. मग अर्धा तास. मग “काय करतेस?” “काही नाही. तू?” “काही नाही.” परवा जुई म्हणाली, “आमच्याकडे लिफ्ट आहे.” अक्षदा “हो का?” म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कुठेतरी टोचलं. आमच्याकडे! दिवाळीपर्यंत जुईचं ‘आमच्याकडे’ म्हणजे ही चाळ होती.

“हुप्पा!” स्वप्नीलने दगडाला खांदा लावला. दगड हलला नाही. स्वप्नील मात्र घसरला आणि त्याच्या चपलेने बुडाची माती उकरली गेली.

“अय्या, हे काय?” देविकाने काडीने टोकरलं. मातीखाली सिमेंट होतं, आणि सिमेंटातून दात विचकत डोकावत होती एक गुलाबी, प्लॅस्टिकची, मोडकी फणी!

“बाबा तर म्हणतात हा दगड इंग्रजांनी रोवलाय,” स्वप्नील खांदा चोळत म्हणाला.

“मग काय, इंग्रज प्लॅस्टिकच्या फणीने भांग पाडायचे?” अक्षदा ताडकन उठली.

“आणि गुलाबी?” देविकाला तेच जास्त खटकलं होतं.

तिघं धावत शेजारच्या गोदामाच्या आवारात गेली. ४२ नंबरचा दगड चुन्यात बसवलेला, शेवाळलेला, म्हातारा. पलीकडचा ४४ नंबर तसाच. मग धापा टाकत ती रेल्वेच्या पुलावर चढली आणि वरून बघितलं. ४१, ४२, ४४, ४५, सगळे दगड शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे एका रांगेत! एकटा ४३ रांग सोडून चांगला बारा पावलं चाळीच्या अंगणात शिरला होता, जसा काही गुपचूप वडापाव आणायला निघालेला.

“तो हलवलाय!” अक्षदा ओरडली. “कुणीतरी आधीच हलवलाय!”

“म्हणजे माझी आयडिया चोरली!” स्वप्नील म्हणाला.

हितेंद्रसाहेब पाहणीला नुकतेच आले होते, अंगणात चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बिस्कीट बुडवलं. “बाळ, माणसं खोटं बोलतात. दगड बोलत नाही.”

“पण साहेब, जुना नकाशा असेल ना?”

“आहे. ऑफिसात, गुंडाळीत. ती उघडायला अर्ज लागतो, अर्जाला कारण लागतं, कारणाला साक्षीदार लागतो. दगड हलवताना बघणारा आण. मी शनिवारी येणार आहे. सोमवारनंतर काही उपयोग नाही.”

बिस्कीट चहात पडलं. ते काढण्यात साहेब गुंतले.

आता साक्षीदार आणायचा कुठून? चाळीतली सगळ्यांत बोलकी माणसं दोन, गुणाजीआजोबा आणि कुशाबाआजोबा. जिन्याखाली दोघांचा कॅरम कायम चालू. एकेकाळी दोघं चाळीच्या कबड्डी संघात होते आणि शेजारच्या चाळीला कशी धूळ चारली ती हकीकत अख्ख्या परळला पाठ होती.

“आजोबा, तो दगड कुणी हलवला हो?” अक्षदाने विचारलं.

गुणाजीआजोबांना एकदम खोकला आला. कुशाबाआजोबांनी कानातलं यंत्र काढून पुसायला घेतलं. देविकाने फणीचं वर्णन केलं, तेव्हा त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे केस नव्हते. पंचवीस वर्षांपासून नव्हते.

“काय म्हणतेस गो? ऐकाक येना नाय,” ते म्हणाले.

बाहेर येताच अक्षदा कुजबुजली, “फणीचं नाव काढल्यावर टकलावर हात कुणाचा जातो?”

“ज्याची फणी हरवलीय त्याचा!” स्वप्नील म्हणाला. “पण ते कबूल कशाला करतील? घाबरलेत!”

अक्षदा जुईच्या खोलीच्या कुलपाकडे बघत उभी राहिली. घाबरलेल्या माणसाकडून खरं कसं काढायचं, ते शाळेत शिकवलं नव्हतं. फुशारलेल्या माणसाकडून मात्र खोटंसुद्धा आपोआप निघतं, हे तिने जिन्याखाली रोज ऐकलं होतं. मग खरं का नाही निघणार?

शनिवारी सकाळी हितेंद्रसाहेब आले. अख्खी चाळ अंगणात जमली. गुणाजीआजोबा सगळ्यांत मागे उभे होते.

“साहेब, आमचं चुकलं,” अक्षदा खाली मान घालून म्हणाली. “दगड हलवलेला असणं शक्यच नाही.”

“गुणी मुलगी,” साहेब म्हणाले.

“एवढा जड दगड उचलायला अंगात दम लागतो. आमच्या चाळीत तसं कुणी नव्हतंच.”

मागे कुणीतरी घसा खाकरला.

“पण आपला कबड्डीचा संघ होता ना?” स्वप्नील निरागसपणे म्हणाला.

“छे रे! ते सगळे काडीपैलवान. जिंकायचे ते नशिबाने. असला दगड उचलायला शेजारच्या चाळीतली माणसं बोलवावी लागली असती.”

शेजारची चाळ! गर्दी दुभंगली.

“कोण म्हणता तसा?” गुणाजीआजोबा काठी आपटत पुढे आले. “शेजारचे? अरे, त्यांका पाण्याची कळशी उचलाक येय नाय! मी आणि ह्या कुशाबान, दोघांनीच उचललो तो दगड! तिथसून हयसर आणलो, मधी खाली सुद्धा ठेवलो नाय!”

“आणि वाकलो तेवा माझी फणी पडली!” कुशाबाआजोबांना सगळं लख्ख ऐकू येत होतं.

 गुणाजीआजोबांना आपण काय बोललो ते कळलं. ते हळूच त्याच दगडावर बसले.

“ब्याऐंशी साल,” ते म्हणाले. “गिरणीचा संप. हाताक काम नाय. दिवसभर हय आंगणात कबड्डी खेळायचो. दगड नेमको कोर्टाच्या कडेक. रोज कोणाचो तरी गुडघो फुटायचो. म्हणान उचललो, सिमेंटात बसवलो.”

“म्हणजे जुईचं घर गेलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?” अक्षदाने विचारलं. आता ती नाटक करत नव्हती. 

आजोबांनी तिच्याकडे बघितलं नाही. “केस होयत, म्हणान भियालंय गो. रोज वाटायचा, आज सांगूया. मगे सांज व्हायची.”

मग ते स्वतःच उठले आणि कोर्टाच्या रुळांकडच्या कडेला जाऊन काठी टेकली. “हय खणा.”

स्वप्नीलने या खेपेला बाह्या न सरसावताच फावडं घेतलं. हातभर खाली चुन्याचा चौकोनी खळगा लागला. ४२ आणि ४४ च्या बरोबर रांगेत!

हितेंद्रसाहेब खळग्यावर वाकले. “साक्षीदार एक मागितला होता, दोन मिळाले,” ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. अर्ज त्यांनीच लिहिला. देविकाने तो वाचून बघितला आणि एक वेलांटी सुधारली.

सोमवारी हातोडे आले नाहीत. पंधरा दिवसांनी पत्र आलं. गुंडाळीतला नकाशा आणि चुन्याचा खळगा यांचं एकमत झालं होतं. दोन्ही नव्या लाइनी कोर्टाच्या पलीकडूनच जाणार होत्या, खोली हद्दीबाहेर होती. चाळीने सभा घेतली. तिघांच्या हुशारीचं कौतुक झालं, टाळ्या झाल्या, प्रत्येकाला एक एक कंपासपेटी मिळाली. गुणाजीआजोबा भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या पोरांनी आमका दगडाखालसून काढल्यानी.” एवढंच बोलून ते खाली बसले. इतकं छोटं भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

टाळ्या संपायच्या आत अक्षदा आईचा फोन घेऊन बाहेर पळाली.

“जुई! खोली पाडणार नाहीत! तुम्ही परत येऊ शकता!”

पलीकडे जुईने बाबांना काहीतरी विचारलं.

“ऐकू आलं का?”

“आलं. बाबा म्हणतायत, बघू.”

“बघू म्हणजे?”

“म्हणजे बघू.” मग जुईने हळूच विचारलं, “अक्षू, किती वाजले गं तिथे?”

“इथे काय, तिथे काय! साडेचार.”

“मग खोलीत ऊन कुठपर्यंत आलंय? इथे ना, ऊन येतच नाही. समोर दुसरी इमारत आहे.”

अक्षदाने चाळीच्या ऑफिसातून किल्ली आणली. कुलूप गंजलं होतं, दोनदा अडकलं. आत रिकाम्या फरशीवर धूळ होती आणि धुळीवर खिडकीएवढा उन्हाचा तुकडा.

“मोरीच्या कठड्यापर्यंत आलंय,” ती म्हणाली.

“मग थांब जरा. आता भिंतीवर चढेल.”

मागून धडधडत गाडी गेली. खिडकीची तावदानं थरथरली.

“फास्ट होती ना?” वडाळ्याहून जुईने विचारलं.

“हो.”

“मला वाटलंच.”

अक्षदा धुळीतच भिंतीला टेकून बसली. फोन कानाला होता.

“चढलं?”

“अजून नाही.”

“फोन ठेवू नकोस हं.”