झेडला कुणी हात लावला नाही

दार उघडताच पोस्टमास्तर आत आले आणि नवरोबांपुढे वाकून म्हणाले, "नमस्कार ताई! तुमचं नाव फार ऐकलंय." मग बाईंकडे वळले. "आणि तुम्ही ताईंचे यजमान?"

नवरोबांनी घाईघाईनं मिशीवरून हात फिरवला. मिशी जागेवरच होती.

खऱ्या ताई म्हणजे त्यांची बायको. विमा कंपनीत लोकांची खोटी आजारपणं पकडण्यात बाईंची सगळी उमेद सरली होती, निवृत्त होईपर्यंत. आता त्या खासगी तपास करत आणि नवरोबा त्यांची पिशवी धरत.

"बसा मास्तर," बाई म्हणाल्या. "काय चोरीला गेलं?"

"अक्षरं!"

दर रविवारी निवृत्त पोस्टमास्तर, वकील आणि दातांचे डॉक्टर पटावर लाकडी ठोकळे मांडून इंग्रजी शब्द जुळवत. ठोकळ्यावर एकेक अक्षर. मास्तर म्हणजे चालताबोलता शब्दकोश.

"एक्स आणि झेड दोन्ही असलेला शब्द सांगा बरं," नवरोबांनी खडा टाकून पाहिला.

"मॅक्सिमाइज. ऑक्सिडाइज."

"जे आणि क्यू?"

"जॉन्क्विल. पिवळं फूल असतं. हवेत अजून?"

"अहो, पुरे," बाई म्हणाल्या. "मास्तर, नेमकी कुठली अक्षरं गेली?"

"सगळे ई, सगळे एफ. ओ, क्यू, सी, जी. आता 'डॅड' जुळतं, 'मॉम' जुळत नाही. 'हेल्प' म्हणून ओरडायलासुद्धा ई लागतो हो!"

"आणि झेड?"

"आहे. एक्स आहे, जे आहे. घरात येतात ती दोघं आणि माझी सून. चोर सापडला नाही तर मी खेळाचा डबाच बंद करणार. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी खेळायचं कसं? आणि ह्या दोघांशिवाय मला आहे कोण?"

मास्तरांच्या घरी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला त्या खेळाचा वैताग आहे, खोटं कशाला बोलू? दर रविवारी टेबल अडतं. पण मी चोरते तर डबाच उचलला असता. निवडत कोण बसणार?"

वकील पुराव्याशिवाय हसतही नसत. "झेडचे दहा गुण असतात, बाई. ईचा एक! मला जिंकायचं असतं तर मी ई चोरीन? आणि अक्षरं गेली त्या रविवारी ठोकळे आवरले डॉक्टरनं. एरवी हा माणूस स्वतःचा कपही उचलत नाही. बघा काय ते."

डॉक्टरांकडे जायला निमित्त हवं होतं. बाईंनी नवऱ्याला पुढे केलं. "यांची दाढ दुखतेय."

"कुठली?" नवरोबा कुजबुजले.

"कुठलीही निवडा."

बाहेर गर्दी होती. नवरोबा एका झिजलेल्या खुर्चीवर टेकणार, तोच मदतनीस मुलगी धावली. "त्यावर नको, काका! ती मास्तरांची खुर्ची. डॉक्टर कुणाला बसू देत नाहीत."

आत नवरोबांचा जबडा उघडा पडला तो पडलाच. डॉक्टरांच्या नखांत काळा रंग भरला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर जाडजूड ग्रंथांची चळत होती. बाईंनी वरचा ग्रंथ उचलायला हात घातला.

"त्याला हात नको!" डॉक्टर ओरडले. मग मुलीकडे वळले. ती हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेच्या डब्यात ट्रे सरकवत होती. "आणि तू! ट्रेत काय आहे ते आधी बघ. पुन्हा तसला घोळ नकोय!"

"आं आं!" नवरोबा म्हणाले. त्यांच्या मते ग्रंथांखाली नक्कीच विष होतं.

"दाढ ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "शेजारची मात्र काढावी लागेल."

रविवारी सगळे मास्तरांच्या टेबलाभोवती जमले. नवरोबांचा गाल सुजला होता, त्यामुळे आज ते गप्प होते.

"जिंकायला चोरणारा झेड नेतो," बाई म्हणाल्या. "खेळ मोडणारा डबा नेतो. ह्या चोरानं काय नेलं? ई आणि एफ. ओ आणि क्यू. सी आणि जी. नजर अंधुक असेल तर जोडीतली दोन्ही सारखीच दिसतात. आणि ह्या घरात नजर कुणाची अंधुक आहे? ज्यांनी माझ्या नवऱ्याला ताई म्हटलं त्यांची."

मास्तर ताठ झाले.

"मास्तरांना न दुखावता कुणाला तरी ती अक्षरं ठळक करायची होती. डॉक्टरांनी आवरायच्या निमित्तानं ठोकळे नेले, दात कोरायच्या यंत्रानं कोरले, काळा रंग भरला. गुपचूप परत ठेवायचे होते. पण दवाखान्यात जे ट्रेत पडतं ते वाफेच्या डब्यात जातं. ठोकळेही गेले. लाकूड फुगलं, वाकडं झालं. ते सरळ व्हावं म्हणून ग्रंथांखाली दाबलं होतं. आज परत ठेवायला आणलेच असतील, काढा, डॉक्टर."

डॉक्टरांनी खिसा टेबलावर रिकामा केला. सुजलेले, पोक आलेले ठोकळे डुगडुगले.

"दवाखाना टाकला तेव्हा कुत्रं फिरकत नव्हतं," ते मान खाली घालून म्हणाले. "हे रोज येऊन बसायचे. दात एकही दुखत नव्हता. कुणीतरी वाट बघतंय असं रस्त्यावरून दिसावं, म्हणून शब्द जुळवत बसायचे. लोक आत यायला लागले ते यांना बघून. मी कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."

वकील खाकरले. "मलाही ठाऊक होतं. कित्येक रविवार चुकीचे शब्द मान्य करतोय. एवढं खोटं मी कोर्टातही बोललो नाही."

"मग मी जिंकत होतो ते?"

"निम्मं आमच्या कृपेनं."

"बाबा, मला सांगायचं नाही का हो?" सून म्हणाली.

मास्तरांनी एक फुगलेला ई उचलला आणि अंगठ्यानं चाचपला. खाचा खोल होत्या.

"सांगितलं असतं तर ऑपरेशन करा म्हणाला असतात. मला भीती वाटते रे." त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आत मी जातो. तू बाहेर बस."