पडू न दिलेली ओळ

माझा पहिला अल्बम बर्लच्या स्टुडिओत झाला. स्टुडिओ म्हणजे व्हाइट्सबर्ग गावाच्या वरच्या खोऱ्यातलं जुनं लाकडी चर्च. बाकं काढून टाकलेली, पण त्यांच्या पायांच्या खुणा फळ्यांवर तशाच. पूर्वी कोट टांगायचे ती खोली आता गाण्यासाठी. भिंतींना गोधड्या, समोर काच, आणि दाराला आतून कडी नाही. बर्ल बाहेरून उघडायचा. काचेपलीकडे माझ्या आईच्या मांडीवर टॅन्सी, माझी आठ महिन्यांची लेक. गाताना मी माइककडे कमी, तिच्याकडे जास्त बघायची. दोन्ही हात वर करून ती उचलायला सांगते, ते फक्त मला. आईलासुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी मला श्वास ऐकू आला. माझ्या प्रत्येक ओळीच्या जरा आधी कानातल्या हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घ्यायचं.

"बर्ल, दुसरा माइक चालू आहे का?"

"कसला दुसरा? भूत असेल बघ. असू दे, माझ्या ड्रमवाल्यापेक्षा तालात आहे."

मी हसले. टेपवर मात्र तो श्वास नव्हता.

अल्बमला एक गाणं कमी पडत होतं. "काहीही गुणगुण डेल्फा, सापडेल," म्हणत बर्लने टेप सुरू केली. आणि कानात बाईचा आवाज आला, स्पष्ट, घाईचा:

डोंगर उतरले मी.

आमच्या चर्चमध्ये गाण्यांची पुस्तकं नसतात. एकजण ओळ देतो, भरभर. बाकीचे ती उचलून सावकाश गातात. मी त्यातच वाढले. कॉलेजात गेले, शाळेत शिकवलं, पण ओळ कानावर पडली की गळा विचारत नाही. मी ती घेतली.

ओढा ओलांडला मी.

तीही घेतली. काचेपलीकडे बर्ल डोळे पुसत होता. त्याला फक्त माझा आवाज ऐकू येत होता.

फाटक लोटलं मी.

तेव्हा मला भान आलं. ओढा, मग फाटक; ही आमच्याच घराची वाट होती. मी तोंड मिटलं. दार ठोठावलं. बर्लला वाटलं, मी ताल धरतेय. त्याने अंगठा दाखवला.

मग मी टॅन्सीकडे बघितलं. आईच्या मांडीवर ती ताठ बसली होती. तिचे ओठ गोल झाले होते.

मी घाईने ती ओळ घेतली. टॅन्सीचे ओठ मिटले.

नंतर ओसरीवर शेंगा सोलताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दिलेली ओळ कुणीच घेतली नाही तर?"

"असं होत नाही गं. ओळ खाली पडत नसते, कुणीतरी घेतंच. सगळे खोकत असायचे तेव्हा तू एकटी घ्यायचीस, एवढीशी होतीस. विसरलीस?"

अल्बम निघाला. ते अर्धं गाणंच रेडिओवर लागलं. लोक म्हणतात, पुढचं कडवं कधी?

पुढचं कडवं घरात येतं. आता हेडफोन लागत नाहीत. भांडी घासताना, झबली वाळत घालताना, भर दुपारी. 'अंगणात आले मी.' मी लगेच घेते. 'पायरी चढले मी.' घेते. नवरा, डॅरिल, म्हणतो, "दमलीस तू. टॅन्सीला आईकडे ठेव, चार दिवस कार्यक्रमांना जा." पण मी नसताना ओळ आली तर? तिला घेऊन बहिणीकडे पाइकव्हिलला गेले होते, तिथेही आली. तिथेही ओळीतली पायरी आमच्याच घराची होती. मी टॅन्सीच्या पुढ्यातून हलत नाही. झोपतेसुद्धा तिच्या तोंडाकडे तोंड करून.

आज सकाळी उठले तर घसा बसलेला. मधपाणी घेतलं, गरम मिठाच्या गुळण्या केल्या. कुजबुजसुद्धा निघेना.

दुपारी टॅन्सीला उंच खुर्चीत बसवून मक्याचा पाव कुस्करून दिला. डॅरिल कामावर होता. माझी पाठ दाराकडे होती.

दारात उभी मी.

मी तोंड उघडलं. नुसती हवा.

पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा दुखल्या.

टॅन्सीने पाव खाली ठेवला. तिला अजून एकही शब्द बोलता येत नाही.

तिने ओळ घेतली. सावकाश, आमच्या चर्चमध्ये घेतात तशी, एकही सूर न चुकवता.

मग दोन्ही हात वर केले. माझ्या खांद्यावरून मागे बघत.