डी ड्राइव्हमधली आई

परभणीत महारुद्रचं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान. लग्न म्हणा, बारसं म्हणा, दहावा म्हणा, माणूस चहा पिऊन येईस्तोवर डिझाइन तयार. पण स्वतःच्या आईच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करताना गड्यानं नेमकी माती खाल्ली.

पत्रिका इंटरनेटवर होती. जो लिंक उघडेल त्याच्या नावानं पान तिथल्या तिथं तयार व्हायचं. वर नाव, मधे तारीख, खाली 'पार्वतीबाईंचा फोटो पाहा'. आता तो आईचा फोटो आधी इंटरनेटवर चढवायला नको? यानं पानाला सरळ आपल्या कम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा पत्ता दिला आणि मोकळा झाला. दुकानात फोटो झकास उघडायचा, म्हणून काम फत्ते समजला. दुसऱ्याच्या फोनला तो पत्ता देणं म्हणजे त्यानं आपल्याच घरात महारुद्रची आई शोधायची. तिथं काहीच उघडणार नव्हतं.

दुपारी पोखर्णीहून तानुबाई आत्याचा फोन आला.

"महारुद्रा, फोटो लय चांगला हाय रे. पण आमच्या ओसरीवर कवा काढलास?"

"ओसरीवर? तो स्टुडिओतला आहे, आत्या."

"मला काय आंधळी समजायलास? वहिनी आमच्या नव्या फरशीवर बसलीय. पदर पसरून."

ती फरशी दिवाळीत बसवलेली. आई त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

म्हातारीची नजर, म्हणून महारुद्र हसला. मग त्यानं पान तपासलं आणि आपली चूक त्याला दिसली. पत्ता डी ड्राइव्हचाच होता. आत्याच्या फोनवर फोटो दिसायलाच नको होता. त्याचं हसू आटलं. त्यानं पान पुसून टाकलं.

थोड्या वेळानं आत्याचा पुन्हा फोन.

"आता नुसती ओसरी दिसायलीय. अन् दावणीचं वासरू मेलं रे. सकाळी चांगलं उड्या मारायलतं." ती थांबली. आवाज खाली आला. "वहिनी सवाष्ण गेली. सवाष्णीला कुणी रिकाम्या ओटीनं उठू देतं का? मी येडी, पसरलेला पदर बघून बी जागची हालले न्हाई. तिनं तिच्या हातानं घेतलं."

महारुद्रची बायको राजेश्री लेकीला, निक्कीला घेऊन माहेरी, चारठाण्याला गेली होती. लिंक तिलाही पाठवली होती.

त्यानं फोन लावला.

"राजेश्री, पत्रिका उघडलीस?"

"मगाशीच. पान आजून तसंच हाय. फोन स्पीकरवर हाय, निक्की तेच बघत बसलीय. अहो, आई आमच्या देवघरापुढं कवा बसल्या होत्या?"

"पदर पसरलाय?"

"हां. तुमाला कसं ठाऊक?"

"ओटी भर. तांदूळ, नारळ, खण, जे असंल ते फोनपुढं ठेव."

"फोटोची ओटी?"

"आधी भर. मग विचार."

त्याचा आवाज ऐकून ती उठली. फोन चौरंगावर ठेवल्याचं कळलं. आत कुठंतरी डब्याचं झाकण वाजलं.

"पप्पा," अगदी जवळून निक्की म्हणाली.

"निक्की, बाळा, आईकडं जा."

"आजी तांदूळ नको म्हणायली."

"मग काय पाहिजे?"

"मला म्हणली, येतीस का. मी हो म्हणलं."

"निक्की, तिथून ऊठ. ऐकतीस का? ऊठ."

पलीकडे बांगड्या वाजल्या. ताट टेकवल्याचा आवाज आला.

"भरली बघा ओटी," राजेश्री म्हणाली. "आता फोटोत नुसतं देवघर दिसायलंय."

महारुद्रनं निक्कीला पुन्हा हाक मारली.

"अहो, निक्की तुमच्याशीच बोलायली होती ना? दार तर लावलेलं हाय. कुठं गेली?"

त्यानं समोर पाहिलं. पान पुसलेलं होतं, पण डी ड्राइव्हमधला मूळ फोटो पडद्यावर उघडाच होता. स्टुडिओतला हिरवा पडदा, खुर्चीत बसलेली आई. तिनं पदर आता खोचून घेतला होता. मुठीत वासराचं दावं होतं.

खुर्चीच्या पायाशी छोट्या गुलाबी चपला काढून ठेवल्या होत्या. एक सुलटी, एक उलटी. निक्की नेहमी तशाच काढायची.