‘फिल्लमशाही’चा तिसरा अंक

“उद्या दुपारी बाराच्या आत माणूस सापडला पाहिजे, वेंकोजीराव. नाहीतर माझं नाटक मेलं म्हणून समजा!”

म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या त्या लहानशा घराच्या ओसरीवर अंबाजीराव धापा टाकत उभे होते. एका हातात पगडी, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

वेंकोजीरावांनी त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं. पोलीस खात्यातून मुदतीआधीच बाहेर पडून खासगी तपास करणारा हा किडकिडीत गृहस्थ घाईला फार भीत असे. देवाचं नाव आणि चोराचं नाव, दोन्ही सावकाश घ्यावीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा बालमित्र भीमसेन कोपऱ्यात बसून दोसा संपवत होता. वेंकोजीरावांच्या तपासाचं टिपण तो ठेवी. अंगानं पैलवान, डोक्यानं निवांत.

“आता सुरुवातीपासून सांगा.”

“नऊ वर्षांपूर्वी, सिनेमा मुका होता तेव्हा, मी ‘फिल्लमशाही’ लिहिलं. सिनेमावाल्यांची टर उडवणारं नाटक. म्हैसूरची मराठी मंडळी पोट धरधरून हसली. आता सिनेमा बोलायला लागलाय, म्हणून ते पुन्हा उभं केलंय. तिसरा अंक नवा लिहिला. उद्या दुपारी साडेतीनला प्रयोग, आज रंगीत तालीम. आणि सकाळी परवाना रद्द! हे बघा.”

कागदावर जांभळ्या पेन्सिलीनं, पाटीवर गिरवल्यासारखी मोठाली अक्षरं होती. वेंकोजीरावांनी मोठ्यानं वाचलं :

“‘या नाटकाच्या नव्या तिसऱ्या अंकात साक्षात हरिदासाच्या तोंडात विडी देऊन लोकांना हसवतात आणि त्या हशातच अंकाचा पडदा पाडतात. कीर्तनाची ही विटंबना सरकारनं थांबवावी. एक हरिभक्त.’”

“शिव शिव!” भीमसेन म्हणाला. “असं आहे तुमच्या नाटकात?”

“अय्यो, उलट आहे हो! सिनेमाचा डायरेक्टर म्हणतो, बुवांच्या तोंडात विडी द्या. बुवा ती विडी फेकून देतात आणि तिथंच खरं कीर्तन उभं करतात. अकरा मिनिटं! सगळा स्टुडिओ जमिनीवर मांडी घालून बसतो. मग पडदा.”

“मग परवान्याच्या नागोजीरावसाहेबांना तुमची वही दाखवलीत ना?”

“दाखवली. म्हणाले, वहीत एक आणि रंगमंचावर एक, असं आम्ही पुष्कळ पाहिलंय. पत्र लिहिणारा माणूस तुमच्यातलाच दिसतो. नवा अंक बाहेर कुणाला ठाऊक? उद्या बारापर्यंत त्यानंच लिहून द्यावं की हे खोटं आहे. तर परवाना.” अंबाजीरावांनी पगडी मांडीवर ठेवली. “नऊ वर्षं लोक विचारतायत, नवीन काय लिहिलंत? ही अकरा मिनिटं लिहिली मी, वेंकोजीराव. दुसरं काही नाही माझ्याजवळ.”

वेंकोजीरावांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “गंमत आहे. भीमसेन, लिहून घे. हे पत्र पूर्वरंगातून उठून गेलेल्या माणसानं लिहिलंय.”

भीमसेननं ते इमानानं लिहून घेतलं. कळलं काही नाही.

तालमी अंबाजीरावांच्या माडीवर चालत. दुपारी दोघं तिथं पोचले, तेव्हा दारातच अंबाजीरावांच्या पत्नी गिरिजाबाई भेटल्या. बोटांना शाई, कपाळाला आठी.

“माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या,” त्या म्हणाल्या. “महिनाभर घरात त्या नव्या नायिकेचं एकच नाव. वनजा इथं अशी वळली, वनजानं तिथं असा सूर लावला. परवा म्हटलं, घरात मीठ नाही. तर म्हणाले, वनजाचा पंचम बघ! मत्सर वाटणार नाही तर काय, ओवाळू?”

“शाई कसली, वहिनी?”

“नकला मीच लिहिते ना सगळ्यांच्या. नव्या अंकाच्या नकला लिहून बोटं झिजली.”

“नकला म्हणजे?” भीमसेननं विचारलं.

“अख्खं नाटक कुणाला देत नाहीत, भीमसेनभावजी. ज्याची त्याची वेगळी वही. त्यात त्याची स्वतःची वाक्यं, आणि त्याच्या आधी बोलणाऱ्याचे शेवटचे चार शब्द. ते ऐकू आले की आपण बोलायचं. बाकी नाटक कुणाच्या वहीत नसतं. ह्यांना धास्ती, कुणी सिनेमावाल्याला गोष्ट विकेल म्हणून. नव्या अंकाचं वाचनसुद्धा केलं नाही. पुरी वही एकच, ह्यांच्या उशाखाली. नाहीतर माझ्या डोळ्यांखाली.”

“तेवढ्या नकला मला हव्यात. चाळून बघतो.”

माडीवर पहिला भेटला प्राणेश. डायरेक्टरचं काम करणारा देखणा तरुण, केसांना भरपूर तेल.

“बेंगळूरहून फिल्म कंपनीचे वासुदेवराव आलेत, माहीत आहे ना तुम्हाला?” तो उसळूनच म्हणाला. “कुणाला बघायला? वनजाला! सहा वर्षं मी या कंपनीत. मला कुणी विचारलं, तू कोण, कुठला? एनू इल्ला, काही नाही!”

“मग प्रयोग बंद पडला तर तुम्हाला बरंच की.”

“बरं काय, स्वामी? निदान मी त्यांच्या नजरेला तरी पडलो असतो! तशी त्या अंकात माझी फजितीच आहे म्हणा. विडीचं वाक्य माझं, हशा माझा. आणि नंतर बुवांसमोर मांडी घालून अकरा मिनिटं गप्प बसायचं. पायात असा गोळा येतो…” त्यानं पोटरी चोळून दाखवली.

भीमसेननं लिहिलं : प्राणेश. मत्सर, भरपूर.

खिडकीशी रणोजीराव झांजा पुसत बसले होते. पन्नाशी उलटलेले, दाढीमिशी सफाचट. नऊ वर्षांपूर्वीच्या ‘फिल्लमशाही’त नायिकेचं काम त्यांनीच केलं होतं. तेव्हा त्यांनी नेसलेल्या शालूसारखा शालू बायका दुकानात मागत. आता ते काम वनजाकडे. रणोजीरावांना नायिकेच्या आईची दोन लहान प्रवेशांची भूमिका.

“माझ्याकडेच येणार, ठाऊक होतं,” ते शांतपणे म्हणाले. “खाली चहावाला पण विचारतो, काय रणोजीराव, पोरीनं पदर ओढला म्हणे तुमचा!”

“राग येत नाही?”

“येतो. पण पदर नाटकाचा असतो, राव. माझा कधी होता?” त्यांनी झांजा एकमेकींवर अलगद टेकवल्या. “तिसऱ्या अंकात मी दिसत नाही. पण बुवांच्या मागं, पडद्याआड झांज माझीच. बुवांचं काम करणारे नरसिंहमूर्ती खरे हरिदास हो. विडी ओठाला लागणार नाही या बोलीवरच आले. असे उभे राहतात, असा हात वर करतात… रोज तालमीत डोळ्यांतून पाणी येतं माझ्या. आता तेही गेलं.”

जिना उतरताना भीमसेन कुजबुजला, “हाच! गोड बोलतोय. हरिभक्त म्हणून सही केली, बघितलंस ना? झांज वाजवतो म्हणजे हरिभक्तच.”

“सुम्मने चल, मुकाट्यानं,” वेंकोजीराव म्हणाले.

वनजाचं घर चामराजपुरमला. तिच्या आई सरस्वतीबाईंनी कॉफी दिली आणि तिथंच बसून राहिल्या. वनजा एकोणीस-वीस वर्षांची. बैठकीच्या खोलीत नवी पेटी, तिच्यावर भरतकामाचा रुमाल.

“वाईट झालं, नाही?” वेंकोजीराव म्हणाले. “वासुदेवराव मुद्दाम आले होते तुझ्यासाठी.”

“ते रविवारी सकाळी इथंच येणार आहेत गाणं ऐकायला,” वनजा म्हणाली. “मी कालच चिठ्ठी पाठवली. प्रयोग होवो न होवो.”

“काल? परवाना तर आज सकाळी गेला.”

वनजानं रुमालाची कड सारखी केली. “म्हणजे… प्रयोगानंतर ऐकतील म्हणून.”

“तालमीत काम कसं चाललं होतं?”

“कसं चालणार!” ती एकदम बोलून गेली. “अंबाजीमामा प्रत्येक वाक्याला थांबवतात. रणोजीनं इथं श्वास घेतला होता. रणोजीनं इथं मान वळवली होती. तालमीच्या खिडकीखाली भाजी विकणारी बाई सुद्धा म्हणते, रणोजीची सर नाही! मी बाई आहे, आणि बाई कशी चालते ते मला एका पुरुषाकडून शिकायचं?”

“वनजा!” आई म्हणाल्या. मग वेंकोजीरावांकडे वळून, “नाटक करू देतो हेच पुष्कळ. सहाच्या ठोक्याला माझी झटकागाडी तिथं उभी असते. घोडं जुंपलेलं. दिवेलागणीच्या आत पोर घरात हवी. तिच्या प्रवेशानंतर एक मिनिट थांबू देत नाही मी.”

“योग्यच आहे,” वेंकोजीराव म्हणाले, आणि कॉफी संपवून उठले.

शनिवारी सकाळी नऊला सगळी मंडळी माडीवर जमली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रणोजीरावांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

वेंकोजीरावांच्या मांडीवर नकलांचा गठ्ठा होता.

“मत्सर इथं सगळ्यांनाच आहे,” ते म्हणाले. “म्हणून मत्सराच्या मागं जाण्यात अर्थ नव्हता. मी पत्राच्या मागं गेलो. पत्रात एक खोटं आहे. बुवांच्या तोंडात विडी, हशा, आणि पडदा. मला आधी वाटलं, मुद्दाम रचलेलं खोटं. पण रचायचं तर याहून सोपं होतं. हरिदास दारू पितो म्हणावं. हे खोटं फार नेमकं आहे. विडीचं वाक्य खरं, हशा खरा. चूक फक्त शेवटाची. आपण कीर्तनाला जातो, पूर्वरंग संपतो, एखादा उठून घरी जातो. त्याला विचारा, बुवांनी काय सांगितलं? तो जेवढं ऐकलं तेवढंच सांगणार. शपथेवर सांगेल! पत्र लिहिणाऱ्याला खरंच वाटत होतं की तिथंच अंक संपतो.”

भीमसेननं टिपण उलटं चाळायला सुरुवात केली.

“आता बघा. अंबाजीराव आणि वहिनींना पुरं नाटक ठाऊक. प्राणेश विडीचं वाक्य म्हणून पुढं अकरा मिनिटं मांडी घालून बसतो. पोटरीत गोळे येईपर्यंत. नरसिंहमूर्ती तर कीर्तनच करतात. आणि रणोजीराव…” त्यांचा आवाज मऊ झाला. “रणोजीराव पडद्याआड झांज धरून रोज रडतात. जो माणूस ते कीर्तन रोज ऐकतो, तो हे पत्र असं लिहूच शकत नाही.”

रिकाम्या खुर्च्यांपलीकडच्या माना रणोजीरावांकडे वळल्या.

“त्या प्रवेशात आणखी एकच पात्र आहे.” वेंकोजीरावांनी एक वही उघडली. “आधी दुसऱ्याचे शेवटचे शब्द : ‘विडी द्या, पब्लिक हसेल.’ त्याखाली नायिकेचं वाक्य : ‘अय्या, मग मी पण हसते!’ कंसात, हसत जाते. आणि त्याखाली, लगेच, अंक चौथा. मधली अकरा मिनिटं या वहीत नाहीत. नवा अंक तालमीत सगळ्यात शेवटी घेतात, आणि तोवर खाली गाडी उभी असते, घोडं जुंपलेलं. म्हणून या वहीच्या मालकिणीनं ती कधी पाहिली नाहीत. काल रंगीत तालमीत पहिल्यांदा दिसली असती. पण पत्र आधीच गेलं होतं. आणि प्रयोग होणार नाही हे माहीत असल्यासारखी वासुदेवरावांना घरी बोलावणारी चिठ्ठीही गेली होती, परवाना रद्द होण्याच्या आदल्या दिवशी.”

वनजा उठून उभी राहिली.

“मला… मला वाटलं, तसंच आहे नाटकात,” ती म्हणाली. “मी खोटं नाही लिहिलं, मामा. पण कारण ते नव्हतं. मी त्या शालूत उभी राहिले असते आणि सगळं नाटकगृह रणोजीकाकांना बघत बसलं असतं. वासुदेवराव सुद्धा. घरी पेटीवर गायले असते तर मी एकटीच असते ना!”

“चालती हो!” अंबाजीराव दाराकडे बोट करत म्हणाले. “माझी नऊ वर्षं…”

“मालक,” रणोजीराव उठले, “आधी तिच्याकडून लिहून घ्या. बाराला नागोजीरावसाहेब कचेरीतून उठतील. आणि तिला काढलंत तर दुपारी नाचणार कोण? मी? हे गुडघे बघा माझे.”

“तुमच्यावर आळ आला होता, रणोजी!”

“आला. खरा ठरला असता तरी नवल नव्हतं.” ते वनजासमोर जाऊन उभे राहिले. “पोरी, तू आलीस तेव्हा आठ दिवस मला घास गिळला नाही. रोज देवाला म्हणायचो, हिचा घसा बसू दे. तू लिहिलंस, मी लिहिलं नाही, एवढाच फरक. लिही आता. शुद्ध लिही.”

वनजानं लिहिलं. भीमसेन तो कागद घेऊन परवान्याच्या कचेरीकडे असा धावला की वाटेतल्या गाईंनी रस्ता दिला. बाराला सात मिनिटं असताना नागोजीरावसाहेबांनी परवान्यावर सही केली.

दुपारी नाटकगृह भरलं. वेंकोजीरावांनी सरस्वतीबाईंना पुढच्या रांगेत बसवलं होतं आणि गाडीवानाला सांगितलं होतं, आज घोडं सोडून ठेव. तिसऱ्या अंकात वनजा हसत आत गेली आणि विंगेतच थांबली. बाहेर नरसिंहमूर्तींनी विडी फेकली. पहिला सूर लागला. पडद्याआड झांज वाजू लागली. माणसं हसता हसता गप्प झाली, मग ताठ बसली, मग कुणाकुणाचे हात आपोआप जुळले. भगवंताचं नाव खरं असलं की ते नाटकात घेतलेलंही चालतं, हे त्या दिवशी म्हैसूरच्या मंडळींनी पाहिलं. विंगेत वनजा खांबाला धरून उभी होती. झांज धरलेले रणोजीराव तिला तिथून चार हातांवर दिसत होते. तिनं एकदाही नजर हलवली नाही.

चौथ्या अंकात आईच्या वेषातले रणोजीराव लेकीचा निरोप घेतात. त्या वेळी वनजानं श्वास कुठं घेतला, हे कुणी मोजलं नाही.

प्रयोग संपल्यावर वासुदेवराव आत आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात टोपी.

“छान, वनजाबाई, छान! उद्या येतोच गाणं ऐकायला. पण मला सांगा, ती आईचं काम करणारी बाई कोण? कुठं राहते? आमच्या पुढच्या चित्राला अशीच आई हवी. उद्या आधी तिच्याकडं जाईन म्हणतो.”

भीमसेननं वेंकोजीरावांचं मनगट धरलं. वनजाच्या चेहऱ्यावरचा रंगही तिचं फिकेपण झाकू शकला नाही. ज्या भीतीपायी तिनं एवढं केलं होतं, ती भीती टोपी हातात घेऊन तिच्यापुढं उभी होती.

“बाई नाहीत ते,” ती म्हणाली. “ते आमचे रणोजीकाका. हे माझं काम आधी त्यांचं होतं. या, मी ओळख करून देते.”

आणि शालूचा घोळ हातात धरून ती पुढं चालू लागली.