‘येतो’ ऐकणारा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. गुरुवार, दुपारी साडेबाराला, एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात. भुताखेतांची वेळ नव्हे. बाहेर लख्ख ऊन होतं.

लहानपणापासून दीडशहाणी, म्हणून घरात तिला सगळे दीडी म्हणतात. ती प्रोग्रामर आहे. तिची आई, म्हणजे माझी मावशी, खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या आश्रमात राहायला गेली होती. पुढे आश्रमाचं वेब ॲप्लिकेशन सांभाळायचं कामही दीडीच्याच गळ्यात पडलं.

फाटकापाशी एक स्क्रीन होती. तिच्यावर आपल्या खोलीचा नंबर टाकून बटण दाबलं की प्रोग्राममध्ये इव्हेंट घडतो, म्हणजे एक हाक दिली जाते. ती ऐकायला प्रोग्रामचे काही तुकडे कान लावून बसलेले असतात. त्यांना सबस्क्राइबर म्हणतात.

हाक देणाऱ्याला मात्र ठाऊक नसतं... कोण कोण ऐकतंय.

दीडीने दोन नवे सबस्क्राइबर लिहिले. माणूस बाहेरून परतला की एकाने त्याच्या खोलीतला दिवा लावायचा, दुसऱ्याने घरच्यांना ‘सुखरूप पोहोचले’ असा मेसेज धाडायचा. इव्हेंटच्या यादीत तिला ‘येतो’ दिसलं. म्हणजे येणं. दोन्ही तिने त्यालाच जोडून टाकले.

इथेच शहाणपण नडलं.

त्या गुरुवारी सिस्टर तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. सात नंबरच्या खोलीतले पोस्टमन काका परवा एकटेच बाहेर पडले आणि रस्त्यातच कोसळून वारले. त्यांच्या मुलाचा आत्ता फोन आला होता.

“तो विचारतोय,” सिस्टर म्हणाल्या, “बाबा सुखरूप पोहोचले, असा मेसेज कुणी पाठवला?”

मग उलगडा झाला. फाटकावरच्या बटणावर आधी ‘जातो’ लिहिलेलं होतं. पण एकही आजी-आजोबा ते दाबायला तयार होईनात. निघताना ‘जातो’ म्हणतं का कुणी? म्हणून जुन्या प्रोग्रामरने ते ‘येतो’ केलं होतं. परत आल्यावर दाबायचं बटण वेगळंच होतं, ‘आलो’.

दीडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लगेच दोन्ही सबस्क्राइबर ‘येतो’वरून काढले. खात्री करायला फ्रेमवर्कला, म्हणजे प्रोग्राम ज्या सांगाड्यावर उभा असतो त्याला, विचारलं, आता ‘येतो’ कोण ऐकतंय?

यादी रिकामी यायला हवी होती.

यादीत... एक होता.

त्याला नाव नव्हतं. फाइल नव्हती. तिने सगळा कोड पालथा घातला. ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा चालू केलं.

तो तिथेच होता.

मग तिने लॉग उघडला. प्रोग्राममध्ये घडलेलं सगळं त्यात नोंदलेलं असतं. शेकडो ‘येतो’ होते. त्यातल्या फक्त तीन नोंदींखाली एक जास्तीची ओळ होती...

‘या.’

एक नोंद पोस्टमन काकांची होती. उरलेली दोन नावं तिने सिस्टरना वाचून दाखवली. सिस्टरनी दोघांनाही ओळखलं. ते दोघेही आपल्या पायांनी बाहेर गेले होते आणि परत आले नव्हते.

तेवढ्यात लॉगमध्ये नवी नोंद पडली.

‘येतो. खोली नऊ.’

नऊ नंबरची खोली मावशीची. तिला आज डॉक्टरांकडे जायचं होतं, टॅक्सी बोलावलेली होती. एक सेकंद. दोन सेकंद...

‘ये.’

‘या’ नव्हे, ‘ये’. मावशीला वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षं झालेली. तिला एकेरीत बोलावणारं मोठं माणूस आता कुणी उरलेलं नव्हतं.

दीडी अनवाणी धावली. निघालेल्या टॅक्सीसमोर आडवी उभी राहिली आणि आईला हाताला धरून उतरवलं. मावशी चिडली, डॉक्टर वाट बघतायत म्हणाली. दीडी रडत होती, हात सोडत नव्हती.

त्याच आठवड्यात तिने ती स्क्रीन काढून टाकली, सगळा प्रोग्राम पुसला आणि आईला मागच्या दाराने स्वतःच्या घरी आणलं. याला आता पाच महिने झाले. मावशीची तब्येत उत्तम आहे. पण दीडी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. डॉक्टरसुद्धा घरीच येतात.

मावशी मात्र नुसती बाल्कनीत निघाली तरी सवयीने म्हणते, “येते हं.”

आणि थांबते... मान जराशी वळवून.

मागच्या रविवारी मी तिथे होतो. न राहवून विचारलं, “मावशी, काय ऐकतेस गं?”

ती हसली. “माझ्या ‘येते’ला कुणीतरी ‘ये’ म्हणतं रे. किती वर्षांनी बरं वाटलं.”

दीडी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मावशी घाबरत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

काल दीडीचा फोन आला होता. मावशी हल्ली बाहेरच्या चपला पलंगाखाली ठेवून झोपते म्हणे.