हुबेहूब नको

अंकितानं पृथ्वीराजला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसले. सांगलीजवळच्या त्या टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये मास्क आणि टोपीशिवाय कुणाला आत सोडत नसत. त्यानं दोन्ही नीट घातली होती… आणि काखेत चिखलासकट उसाच्या शेंड्यांची वाढी धरली होती.

"ती बाहेर ठेवा," ती म्हणाली. "माती आत आली तर माझ्या चारशे बाटल्या नासतील."

"आन् मी एकटा आलो तर?"

"तुम्ही नासवता की नाही, ते बघावं लागेल."

बोलून झाल्यावर तिची तीच चमकली. चिमटा धरताना ज्या मुलीचा हात कधी हलत नसे, तिची जीभ आज भलतीच हलली होती.

पृथ्वीराज उंब्रजचा. "भावानं सुट्टीत लावलेला ऊस हाय," त्यानं सांगितलं. "आता मोडून रान मोकळं करायचं हाय. त्याच्या आदी बेणं पायजे. हुबेहूब."

वाढ्याच्या टोकातला बारीक कोंब काढायचा, तो बाटलीत वाढवायचा आणि त्यापासून हजारो रोपं करायची. सगळी एकाच उसाची प्रत. तिनं समजावलं. त्याला किती समजलं कोण जाणे, पण दर पंधरा दिवसांनी तो बाटल्या बघायला यायला लागला. रोपांना बघायची गरज नसते, महिने लागतात, हे तिला ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक आहे, हे त्यालाही.

एकदा बाटलीतल्या कोवळ्या हिरव्या झुपक्याकडे बघत त्यानं विचारलं, "माणसाचं असं करता येतं का वं?"

"संशोधनाच्या नियमांत साफ मनाई आहे. वेगळा कायदा मात्र आपल्याकडे अजून नाही."

"समजा, केलंच कुणी. माझ्यापास्नं दुसरा मी. मग त्यो माझा पोरगा का भाऊ? सातबाऱ्यावर नाव काय म्हणून लावायचं?"

ती हसली. मास्कमागचं हसू दिसत नाही, पण डोळ्यांत दिसतं. "तलाठी नोकरी सोडून पळेल."

"आन् तुमी?"

"मला… एकच पुरे आहे."

मग सावरून ती म्हणाली, "खरा प्रश्न तलाठ्याचा नाहीच. बनवणाऱ्याला हवा असतो म्हणून तो बनतो. 'तुला दुसऱ्या कुणासारखं व्हायचंय का?' हे त्याला कुणी विचारलेलं नसतं."

"मला बी न्हाई इचारलं," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तो आणि उदयसिंह जुळे, दिसायला अगदी एकसारखे. उदय फौजेत होता. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून गेला. तेव्हापासून पृथ्वीराजच्या मनगटावर उदयचं घड्याळ होतं आणि जेवताना पाट उदयचा. "आबा मला 'उदय' म्हणून हाक मारत्यात. मी ओ देतो… दुसरं करू काय?"

"इथं आलात की ओ देऊ नका," अंकिता म्हणाली. "इथं तुम्ही पृथ्वीराज."

आबा म्हणजे त्याचे वडील आकाराम, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मोठे करारी. पण पोराचं मन कळल्यावर त्यांनी एका शब्दात होकार दिला. अंकिताच्या घरी सुपारी फोडायची ठरली. एवढं सोपं कसं झालं, याचं तिला नवल वाटत होतं.

कोडं सुपारीच्या ताटापाशी उलगडलं. आकारामांनी खिशातून एक स्टीलची डबी काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"ह्यात माझ्या उदयचं केस हायती. त्याच्या कंगव्यातलं. पोरी, तू एका कोंबातनं हजार करतीस. मला एकच पायजे. पयला नातू ह्यातनं."

अंकिताचे मामा लालासाहेब तिच्या कानाशी वाकले. "आत्ता व्हय म्हणून टाक. पुढचं पुढं बघू."

नुसती मान हलवायची होती. नातू कुठला होतोय केसांतून? म्हातारा आशेवर राहिला असता, लग्न पार पडलं असतं. तिनं पृथ्वीराजकडे पाहिलं. तो डबीकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "मी हे करणार नाही, आबा. जमत नाही म्हणून नव्हे. उद्या जमलं, कायद्यानं परवानगी दिली, तरी करणार नाही. जन्माआधीच कुणाच्या कपाळी दुसऱ्याचं आयुष्य लिहिणारी मी कोण?"

"माझा पोरगा गेलाय, पोरी."

"गेलाय. आणि त्याची हुबेहूब प्रत तुमच्या घरात आहेच. एका बीजाचे दोघं. झाला का हा उदय? दोन वर्षं घड्याळ घालून, ओ देऊनसुद्धा? नाही झाला. हा रोपांशी गप्पा मारतो. खोटी कारणं काढून सत्तर किलोमीटर येतो. मला हाच हवा. याच्यासारखा दुसरा दिलात तरी नको."

पृथ्वीराजचे कान लाल झाले.

"मग सुपारी फुटायची न्हाई," आकाराम म्हणाले.

पृथ्वीराज उठला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं हलकेच डबीशेजारी ठेवलं. "आबा, माझ्याकडं बगा. उदयकडं न्हवं, माझ्याकडं. सुपारी फुटू दे न्हाईतर राहू दे. लगीन मी हिच्याशीच करनार."

आकाराम बघत राहिले. बराच वेळ. जणू फलाटावर कुणाला तरी शोधत असावेत.

"भुवईवर वण कसला रं ह्यो?"

"चौथीत हुतो. बांधावरनं पडलो. तुमी तवा जम्मूला हुता."

"उदयला न्हवता ह्यो."

"न्हवता."

म्हाताऱ्यानं डबी मुठीत घेतली, पण उघडली नाही. "कसा पडलास? बस हितं… सांग."

पृथ्वीराज बसला आणि सांगू लागला. मामींनी दारातून अंकिताला आत यायची खूण केली. बैठकीत मुलीनं असं थांबायचं नसतं. तिनं खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी लावली आणि ऐकायला बसली.