कुठल्या बाजूला

मी बिदरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. शहरातल्या मैलूर भागात आमच्या गच्चीवरून शिकाऊ विमानं रोज घरघरत जातात. घरात कुणी मान वर करून बघत नाही. गेल्या डिसेंबरात नेत्रावतीकाकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. डोळ्यावर पट्टी असूनही त्या प्रत्येक आवाजाला मान वर करायच्या.

त्यांचे यजमान सोमशेखरकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या मुडबी गावच्या काळ्या रानात औत हाकता हाकता गुलबर्ग्याला शिकले आणि हवाई दलात गेले. बॉम्बफेकी विमानात ते नेव्हिगेटर होते, म्हणजे वैमानिकाला वाट सांगणारे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं विमान समुद्रावरून परतलं नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काहीच सापडलं नाही, म्हणून काकूंनी मंगळसूत्र उतरवलं नाही. मुडबीचं रानही सोडलं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "सुनील, उद्या रानात तू जा."

"कामून?"

"दरसाली ह्या दिवसांत तो वाट विचारायला येतो. मी सांगते. दरसाली उलसं उलसं जवळ यायलाय. औंदा कुणी बोललं न्हाई तर परत फिरंल."

"काकू, किती वर्षं झाली आता..."

"त्याला काय कळतंय किती झाली? त्याला घरला यायचंय."

पट्टीखालून पाणी ओघळलं. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं. माझी बायको सुधारानी मला हळूच म्हणाली, "जाऊन या की. त्यांचं समाधान."

मी मुडबीला पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. रानात तूर काढणीला आली होती. वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. कापणी करणाऱ्या कमलबाईनं विचारलं, "अक्का न्हाई आल्या?"

"न्हाई. डोळ्याचं आप्रेशन झालं त्यांचं."

तिनं आभाळाकडे बघितलं, विळा पदराखाली धरला. "मग मी जाते घरला," म्हणाली आणि बांधावरून भरभर निघून गेली.

मी बाभळीखाली उभा राहिलो. थोड्या वेळानं घरघर ऐकू आली. बिदरचं विमान असेल, असं वाटलं. पण बिदर उगवतीला, आवाज मावळतीकडून येत होता आणि आभाळ स्वच्छ, रिकामं होतं.

शेंगांचा खुळखुळाट थांबला.

तुरीवरून एक रुंद सावली सरकत आली. वर काहीच नव्हतं. सावलीत गारवा होता, आणि ओल्या मिठाचा वास. आमच्याकडून समुद्र कितीतरी लांब.

"नेत्रा, कुठल्या बाजूला?"

आवाज तरुण होता, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. थकलेला. अगदी कानाशी.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. गप्प राहता आलं असतं. पण त्या आवाजातली ओढ मला सहन झाली नाही.

"काकू हितं न्हाईत," मी म्हणालो. "बिदरला हायत, मैलूरला. उगवतीकडं जा."

घरघर वळली. सावली बांध ओलांडून गेली. शेंगा पुन्हा वाजायला लागल्या.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. सुधारानी म्हणाली, "दुपार कलल्यापासून खोलीतून हलल्या न्हाईत. चहाही नको म्हणल्या. सारख्या हसायल्यात."

काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. पट्टी जागेवर होती. पण कडेला, भिंतीला चिकटून बसल्या होत्या. बाकी पलंग मोकळा.

"चांगली वाट सांगितलीस रे," त्या म्हणाल्या. "हळू बोल. लई दमलाय."

मी जवळ गेलो. त्यांचा उजवा हात मोकळ्या गादीवर पालथा पडला होता. त्या सुरकुतलेल्या हातावर, कुणीतरी घट्ट धरावं तशा चार बोटांच्या खळ्या पडल्या होत्या.

मी बघत असतानाच त्या अजून थोड्या खोल गेल्या.